भोजकटाचा शेवटून तिसरा

हरलेल्या माणसाने वसविलेली गावे फारशी नसावीत. नगर वसविण्याचा मान सहसा जिंकणाऱ्याकडे जातो. आमचे भातकुली, निदान परंपरेच्या हिशेबाने तरी, याला अपवाद आहे. श्रीकृष्णाने कौंडिण्यपुराहून रुक्मिणीला रथात घालून नेले तेव्हा तिचा भाऊ रुक्मी पाठलागावर निघाला. बहिणीला परत आणल्यावाचून कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याने चारचौघांसमक्ष केली होती. वाटेत गाठ पडली आणि तो हरला. बहिणीने रदबदली केली म्हणून जीव वाचला, परंतु केस आणि मिशा अर्ध्यामुर्ध्या भादरल्या गेल्या. प्रतिज्ञेपायी घरी परतणे शक्य नव्हते, तेव्हा त्याने दुसरे नगर वसविले आणि तेथेच राहिला. त्या नगराचे नाव भोजकट. भोजकट म्हणजेच आमचे भातकुली, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे. त्यामुळे नाव तरी जुने आणि याच भागातले, एवढे निश्चित.

नरेंद्राचे आणि एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' आम्ही चोवीस वर्षे वर्गात शिकविले. रुक्मीचा प्रसंग आला की आम्ही तो हसण्यावारी उरकून पुढे जात असू. रथाच्या शर्यतीत हरलेल्या माणसाविषयी आणखी काय बोलायचे, अशी आमची समजूत होती. ती समजूत सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरल्यामुळे बदलली. हे ऐकून सुज्ञ वाचक हसणार असतील तर त्यांनी आत्ताच हसून घ्यावे. आमच्या महाविद्यालयातील सहकाऱ्यांचे हसून झाले आहे.

शर्यतीपर्यंतची हकीकत सांगायची तर रस्त्यापासून आरंभ केला पाहिजे. भातकुली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी खारट, जमीन काळी आणि चिकण. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की भेगेत हात जावा. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटा घेऊ लागतो. या लाटांवरून अमरावतीला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन आमचे अर्धे आयुष्य गेले. वाहन यामाहा आरएक्स १००. तिचे उत्पादन १९९६ साली थांबले. आम्ही ती १९९८ मध्ये जुनीच घेतली, आणि ती आजही आमच्या ओसरीत उभी आहे. चोवीस वर्षे दुचाकी चालविल्यावर आपल्याला ती चालविता येते असे माणसाला वाटणारच. चोवीस वर्षे शिकविल्यावर आपल्याला शिकविता येते असेही वाटते. हे दोन्ही समज साधारण एकाच दिवशी ढासळले.

२०२२ चा पावसाळा होता. संध्याकाळी परतताना एका वळणावर समोरून बैलगाडी आली. जागा भरपूर होती, तरी आम्ही रस्ता सोडून थेट तुरीच्या शेतात गेलो. गाडी मडगार्डपर्यंत चिखलात रुतली. जवळच गॅरेज होते. तेथून एक तरुण आला, त्याने गाडी बाहेर काढली, चाकांतली माती खरवडली आणि म्हणाला, "सर, तुमी खड्ड्याइकडे पाहाता, म्हून खड्ड्यातच जाता."

हा आमचाच माजी विद्यार्थी. द्वितीय वर्षानंतर त्याने शिक्षण सोडले होते. त्याचे का सुटले, हे आम्ही त्याला त्या दिवशी सहज विचारले. त्यानेही सहजच सांगितले. एका तासाला त्याने कवितेचा काही अर्थ लावला होता आणि आम्ही भर वर्गात म्हटले होते की, बाबा रे, तू गाड्याच दुरुस्त कर. वर्ग हसला होता. आम्हांला यातले काही आठवत नव्हते. तो रागाने बोलत नव्हता; उलट सल्ला चांगलाच लागू पडला, असे म्हणून त्याने गॅरेजकडे हात केला. आम्ही पैसे देऊ केले, ते त्याने घेतले. न घेता तर आम्हांला बरे वाटले असते. पण आम्हांला बरे वाटावे, ही त्याची जबाबदारी नव्हती.

हा मुलगा स्वतः मातीच्या मैदानांवरील शर्यतींत भाग घेत असे. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो आणि वळण घ्यायला शिकव म्हणालो. का गेलो, याचे नेमके उत्तर अजूनही देता येत नाही. प्रायश्चित्त हा शब्द मोठा आहे, आणि तो वापरला की माणूस लगेच स्वतःवर खूश होतो. कुतूहल होते, हे खरे. वैद्यकीय तपासणीत त्याच महिन्यात साखर वाढलेली निघाली होती, तीही कारणात धरावी. ह्या वयात शरीर पहिल्यांदाच स्वतःच्या वतीने बोलू लागते आणि त्याचे बोलणे ऐकणे फारसे सुखाचे नसते.

शिकण्यातली पहिली गोष्ट डोळ्यांची. गाडी जिकडे नजर तिकडे जाते. भीती वाटली की नजर भीतीच्या वस्तूला चिकटते आणि हात नकळत तिकडेच वळतात. बैलगाडी टाळायची असेल तर तिच्या बाजूची मोकळी जागा पाहावी लागते. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र भीतीवरची नजर स्वतःहून काढून घेण्याइतके अवघड आम्ही दुसरे काही केलेले नाही.

दुसरी गोष्ट ऐकली तेव्हा मुलगा थट्टा करतो आहे असेच वाटले. वेगात डावीकडे वळायचे तर हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळवायचे. त्याने गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विमान उडविणारा विल्बर राइट मूळचा सायकलींच्या धंद्यातला. सायकलवर डावीकडे कसे वळता, असे त्याने कितीतरी स्वारांना विचारले, आणि आधी चाक उजवीकडे जाते हे एकालाही सांगता आले नाही. करीत मात्र सगळेच होते. आम्हीही चोवीस वर्षे तेच करीत होतो. हे कळल्यावर एक दिवस आम्ही वर्गात ओवीच्या चरणांतील यमकाविषयी बोलताना मध्येच थांबलो. विद्यार्थी कवितेचा अर्थ कसा लावतो, हे आपण त्याला वर्षानुवर्षे सांगत आलो. पण आपण स्वतः तो कसा लावतो हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? मुलांना वाटले सरांना बरे नाही.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि शर्यतीचे अर्धे शास्त्र तेथेच आहे. शर्यत म्हणजे वेग वाढविणे, असा लोकांचा समज असतो. सरळ रस्त्यावर मूठ पिळायला अक्कल लागत नाही. वेग दुप्पट केला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जातो, म्हणजे क्रिकेटची पूर्ण खेळपट्टी ओलांडून वर आठ मीटर. दचकायला एक सेकंद घालविला तर एवढे अंतर फुकट गेले. वळणाच्या आधी किती उशिरा आणि किती हळुवारपणे गती उतरविता येते, यावर स्वाराची परीक्षा होते. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक घसरते. हळूहळू, लिंबू पिळावे तसा दाबला तर गाडीचे वजन पुढच्या टायरवर येते आणि टायर रस्ता घट्ट धरतो. लिंबाची उपमा आमच्या गुरूची. मोटारसायकलवरच्या लेखनात आम्हांला तोवर रॉबर्ट पर्सिग यांचे १९७४ सालचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' एवढेच ठाऊक होते, आणि त्यावर आम्ही एकदा चर्चासत्रात निबंधही वाचला होता. निबंध वाचताना आम्हांला कार्ब्युरेटर कोठे असतो हे ठाऊक नव्हते, हे येथे कबूल करून टाकतो.

पक्क्या धावपट्टीवर शिकायचे तर दक्षिणेत जावे लागते. भारतातील मोटारसायकल शर्यतींचा जुना पट तिकडेच आहे. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातील विमानतळाच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती होत. त्यानंतर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे खास धावपट्टी झाली. ती ३.७ किलोमीटरची असून तिला बारा वळणे आहेत. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाची बुद्ध सर्किट २०११ मधली, त्यामानाने कालची. आम्ही जानेवारी २०२३ मध्ये बडनेऱ्याहून नागपूर आणि नागपूरहून चेन्नई असे गेलो. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. तेव्हा घरी तीर्थयात्रेला जातो असे सांगितले असते तर ते अगदीच खोटे ठरले नसते. सौभाग्यवतींना खरे सांगितले, आईला चर्चासत्र असे सांगितले.

तेथे सही करण्यासाठी एक कागद समोर आला. इजा झाल्यास वा प्राण गेल्यास आयोजक जबाबदार नाहीत, असे त्यावर बारीक अक्षरांत होते. एवढ्या एकाग्रतेने आम्ही कोणतेही गद्य वाचलेले नाही. त्यात एकही विशेषण नव्हते. नंतर चामड्याचा अखंड पोशाख. तो अंगावर चढविण्यास दोन माणसे लागली आणि पोटाशी साखळी आली तेव्हा त्यांतील एकाने आम्हांला श्वास सोडायला सांगितले. उन्हाबद्दल वऱ्हाडी माणसाला एक अभिमान असतो. पंचेचाळीस अंशांत वाढलेल्यांना चेन्नईचा जानेवारी काय करणार, अशा ऐटीत आम्ही होतो. पण तेथली दमट हवा आणि ते चामडे यांनी पंधरा मिनिटांत ऐट उतरविली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नोएडाला मोटोजीपी झाली तेव्हा उकाड्यामुळे मुख्य शर्यतीच्या फेऱ्या चोवीसवरून एकवीस केल्या गेल्या, हे वाचून आम्हांला थोडे समाधान वाटले. जागतिक कीर्तीच्या पंचविशीतल्या पोरांनाही घाम फुटतो तर.

आमच्या तुकडीत बाकी सर्व जण तिशीच्या आतले. विश्रांतीच्या वेळी ते आम्हांला 'अंकल' म्हणून पाणी देत. व्हॅलेंटिनो रोसी २०२१ साली बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला, आणि आम्ही सत्तेचाळिसाव्या वर्षी आरंभ केला. प्रौढ नवशिक्यांना अशा वेळी बर्ट मन्रोची गोष्ट सांगण्याची प्रथा आहे. न्यूझीलंडच्या या गृहस्थाने १९२० सालची 'इंडियन' मोटारसायकल घरच्या घरी सुधारत नेली आणि १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बोनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर ताशी १८३ मैलांहून अधिक वेग गाठून विक्रम केला. त्याच्यावर २००५ साली चित्रपटही निघाला. आम्हांलाही ती गोष्ट सांगण्यात आली. तिचा उपयोग होत नाही. मन्रो चाळीसहून अधिक वर्षे त्या एकाच गाडीबरोबर राहिला होता. त्याचे म्हातारपण हा त्याचा अनुभव होता. आमचे म्हातारपण हे निव्वळ म्हातारपण होते.

धावपट्टीवरची भाषा झेंड्यांची असते. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे थांबा. निळा म्हणजे मागून तुमच्याहून वेगवान स्वार येतो आहे, त्याला जाऊ द्या. पहिल्या दिवशी आम्हांला इतक्या वेळा निळा झेंडा दिसला की तो आमच्या स्वागतासाठी लावला असावा असे वाटू लागले. मागून आवाज येतो, जवळ येतो, अंगावरून वारा जातो आणि पुढच्या वळणावर तो स्वार दिसेनासा होतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मुले आम्ही आयुष्यभर समोरून पाहिली होती. त्या बाकावरून वर्ग कसा दिसतो, हे आम्ही पंचवीस वर्षांनंतर पाहत होतो. शिक्षक सर्वांना समजले का असे विचारतात, सगळे हो म्हणतात, आपणही म्हणतो, आणि आपल्याला समजलेले नसते. प्रशिक्षकांनी आम्हांला तिसऱ्यांदा तीच चूक दाखविली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसला. तो थकवा आम्ही ओळखला, कारण तो आमचाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पडलो. वळणात शिरताना वेग जास्त आहे असे वाटले, नजर बाहेरच्या खडीकडे गेली आणि आम्ही शिकविल्याबरहुकूम खडीत गेलो. खांदा खाली आला, डोके आपटले, आकाश दोनदा दिसले. गळपट्टीचे हाड मोडले. हेल्मेटला मागे बोटभर खोल चरा पडला, डोक्याला काही झाले नाही. हेल्मेटचा इतिहास साहित्याशी जोडलेला आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याजोगे आहे. 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'चा कर्ता टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यानंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हाती घेतला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि हेल्मेटने जीव वाचतो हे प्रथम आकड्यांनी दाखवून दिले. त्या ग्रंथकाराचे आमच्यावर असे दुहेरी ऋण आहे.

हात गळ्यात बांधून आम्ही भातकुलीला उतरलो. आईला सांगितले की चेन्नईला न्हाणीघरात पाय घसरला. ती सत्त्याहत्तर वर्षांची. तिने पाहिले, काही बोलली नाही. चार दिवसांनी सौभाग्यवती बाजारात गेल्या असता ती आमच्या खाटेशी येऊन बसली आणि म्हणाली, "न्हाणीत पडलेल्या माणसाच्या बुटाले रस्ता लागत नाई, बापू." आमच्या बुटाची एक बाजू डांबरावर घासून पांढरी झाली होती. मग ती म्हणाली, "पोरगी लग्नाले आली, अन् तुले आता शर्यती सुचून राह्यल्या?" आम्ही गप्प. त्यावर ती वडिलांविषयी बोलू लागली.

आमचे वडील शंकरपटात बैलजोडी हाकीत, हे आम्हांला ऐकून ठाऊक होते. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात आणि रेंगी हाकणाऱ्याला धुरकरी. आमच्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये ती सशर्त उठली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. परंतु वडिलांचा पट बंदीच्या कितीतरी आधी, आमच्या लहानपणीच सुटला होता. शेतीची ओढाताण म्हणून सोडला, असे घरात सांगत. आईने त्या दिवशी निराळे सांगितले. एका पटात जोडी पुढे होती, आणि डाव्या बैलाची चाल बिघडल्याचे त्यांच्या हाताला कासऱ्यातून कळले होते. थांबले असते तर पट गेला असता. ते थांबले नाहीत. पट मारला, आणि बैलाचा पाय कायमचा गेला. पुढे तो बैल सहा वर्षे गोठ्यात होता. वडील त्याला स्वतः चारा घालीत, पण त्याच्याकडे पाहत नसत. त्या पटाच्या रस्त्याने ते पुन्हा कधी गेले नाहीत. लग्नकार्य निघाले तरी दोन कोस फेरा घेऊन दुसऱ्या वाटेने जात. "जितले, पण वापस नाई आले," आई म्हणाली. म्हणजे शरीराने घरी आले, एवढेच.

रुक्मी हरला म्हणून परत येऊ शकला नाही, असे आम्ही शिकवीत आलो होतो. वडील जिंकूनही परत येऊ शकले नव्हते. दोघांच्या गोष्टीत एक क्षण सारखाच आहे. रथ थांबविता येतो, हाताला कळलेले असते, आणि चारचौघांसमक्ष बोललेला शब्द किंवा चारचौघांची नजर हात थांबवू देत नाही. पुढे पांडव-कौरवांच्या युद्धात रुक्मी सैन्य घेऊन आधी पांडवांकडे गेला, मग कौरवांकडे. त्याच्या बढाईमुळे दोघांनीही त्याला परत पाठविले. एवढ्या मोठ्या युद्धात कोणालाच नको असलेला हा योद्धा. हाही भाग आम्ही वर्गात हसण्यावारी नेत असू.

हाड जुळल्यावर पुन्हा जायचे की नाही, यावर घरात बोलणे झाले. बोलणे असे फारसे झालेच नाही. सौभाग्यवतींनी एकच अट घातली. शर्यतीच्या आदल्या रात्री फोनवरून 'काळजी करू नकोस' असे म्हणायचे नाही. काळजी करायची की नाही हे त्यांचे त्या ठरवतील. आम्ही मान्य केले. गॅरेजवाल्या गुरूने वर्षभर रविवारी सराव घेतला. तो शिकविताना एक विलक्षण गोष्ट करीत असे. आम्ही चुकलो की लगेच काही बोलत नसे, गाडी उभी करायला लावून "आता काय झालं?" एवढेच विचारी, आणि आमचे उत्तर पूर्ण होईपर्यंत हातातले पान्हे पुसत बसे. आमचे उत्तर चुकीचे असले तरी ते तो पूर्ण ऐकून घेई. वर्गात आम्ही हे कधी केले नव्हते. केले असते तर कदाचित त्या दिवशीचा त्याचा कवितेचा अर्थ आम्हांला आज आठवत असता. एकदा आम्ही त्याला तो अर्थ काय होता ते विचारले. त्यालाही आठवत नव्हता. कविता कोणती तेही आठवत नव्हते. वर्ग हसला, तेवढे आठवत होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच धावपट्टीवर नवशिक्यांची शर्यत होती. सोळा स्वार, सहा फेऱ्या, सर्वांना भाड्याच्या एकसारख्या गाड्या. चौथ्या फेरीपर्यंत आमच्या मागे तिघे होते. पाचव्या फेरीत त्यांतला एक विशीतला मुलगा आमच्या चाकाला येऊन भिडला. सहाव्या फेरीत लांब सरळ रस्ता संपून वळण येते तेथे तो बाहेरच्या बाजूने शेजारी आला. आतली बाजू आमची होती. ब्रेक आणखी थोडा उशिरा लावला असता तर वळण आमचे होते. पण हाताला कळले की पुढचा टायर आता रस्ता धरत नाही. फार नाही, सुतळीभर सरकतो आहे. आम्ही ब्रेक तेथेच लावला, नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे नेली, आणि तो मुलगा पुढे निघून गेला.

या क्षणाचा आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. हात शहाणा झाला होता की भ्याला होता? दोन्ही वेळी बोटे एकाच पद्धतीने दाबली जातात आणि बाहेरून फरक दिसत नाही. आतूनही फारसा दिसत नाही. आमच्या एका कवी मित्राने याला संयम म्हटले. ते आम्हांला पटले नाही. गुरूला फोनवर सांगितले तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे "मंग काय झालं?" विचारले. वळण नीट बाहेर काढले, असे आम्ही सांगितले. "डोये कुठी होते?" पुढे होते, म्हटले. यावर तो "मंग ठीक हाय" म्हणाला आणि कोणाच्या तरी स्कूटरच्या क्लचविषयी शेजारच्याशी बोलू लागला.

चौदावे आलो. त्या रात्री फोनवर सौभाग्यवतींना क्रमांक सांगितला, आणि अट पाळायची म्हणून दुसरे काही बोललो नाही. त्या म्हणाल्या, जेवून घ्या.

भातकुलीला पोहोचलो तेव्हा आई ओसरीवर तूर निवडीत होती. या खेपेस आम्ही तिला चर्चासत्र सांगितले नव्हते. तिने आधी आमचे दोन्ही खांदे पाहिले, मग बूट पाहिले.

"कितवा आला?"

"चौदावा."

"किती जन होते?"

"सोळा."

"मंग दोघं तरी मांगं होते." तिने सुपातले दोन खडे काढून बाजूला टाकले. थोड्या वेळाने तूर निवडता निवडताच, वर न पाहता विचारले, "अन् गाडीले काई झालं नाई ना?"